एक हात, एक सदस्य

भास्करराव कुलथ्यांचं धाबं दणाणलं ते बुधवारी दुपारी, जेवण झाल्यावर, एका पिवळ्या पट्टीमुळं. संगणकासमोर बसून त्यांनी नेहमीप्रमाणं ‘ओटा’ उघडला, तर पानाच्या माथ्यावर लिहिलेलं: ‘येत्या रविवारपासून, एक हात, एक सदस्य. ज्यांनी एकाहून अधिक नावांनी खाती उघडली आहेत त्यांची खाती आपोआप एकत्र होतील. सर्व जुनं लेखन, प्रतिसाद आणि निरोप खऱ्या नावाखाली दिसतील.’

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. पट्टी तिथंच होती.

‘ओटा’ म्हणजे मराठी माणसांचं एक संस्थळ. आता हा ओटा स्वैपाकघरातला की घरापुढचा, गप्पांचा, यावरून तिथं दर सहा महिन्यांनी भांडण पेटायचं. चालायचं दोन्ही. सदस्य व्हावं, नाव घ्यावं, लेख लिहावा, पाककृती टाकावी. दुसऱ्याच्या पाककृतीखाली ‘आमच्यात यात गूळ घालत नाहीत’ असा प्रतिसाद देऊन गंमत बघत बसावं. आणि कुणाशी खासगीत बोलायचं असेल तर निरोप धाडावा.

भास्कररावांची तिथं दोन खाती होती. एक ‘भा. रा. कुलथे’ या नावानं. त्यावर त्यांनी ऱ्हस्व-दीर्घावर बरेच लेख लिहिले होते आणि ते कुणीही वाचत नव्हतं. दुसरं खातं होतं ‘इंदूमावशी’, आणि इंदूमावशीशिवाय ओट्याचं पान हलत नव्हतं.

त्याचं असं झालं. नाशकात त्यांचा टायपिंगचा क्लास होता, हयात त्यातच गेली. पत्नी, सुमनताई, गेल्यावर त्यांना कळलं की आपल्याला साधी आमटी येत नाही. सत्तरीच्या बाप्यानं चारचौघांत ‘आधी मोहरी की आधी हिंग’ विचारायचं म्हणजे हसं करून घेणं. म्हणून त्यांनी बाईच्या नावानं खातं काढलं. पहिल्याच दिवशी घात झाला. मावशीनं लिहिलं, ‘मी डाळ शिजायला ठेवतो आणि मग चिंच भिजवतो.’ ‘चौकस’ नावाचा एक सदस्य होता, दुसऱ्याच्या लेखनातले खडे वेचणं एवढाच त्याला उद्योग. तो म्हणाला, ‘ठेवतो? भिजवतो? मावशी की काका?’ भास्कररावांनी ठोकून दिलं, ‘मी कोल्हापूरची. आमच्याकडं बायका असंच बोलतात, येतो, जातो, करतो.’ कोल्हापुरात बोलतात खरंच तसं, त्यामुळं चौकस गप्प बसला. भास्कररावांनी कोल्हापूर पाहिलं होतं आयुष्यात एकदा, देवीच्या दर्शनापुरतं. पण मावशी तिथली झाली ती झालीच.

पुढं एकदा मावशीनं विचारलं, ‘कटाच्या आमटीला माझ्या हातून चव का येत नाही?’ खाली प्रतिसाद आला: ‘मावशी, माझी आई खोबऱ्याची वाटी थेट जाळावर धरून काळी करायची आणि मग वाटायची. करून बघा.’ प्रतिसादाखाली नाव होतं ‘संपदा, इंदूर’.

संपदा त्यांची मुलगी. एकुलती एक. आणि ती त्यांच्याशी बोलत नव्हती.

सुमनताईंचं दुखणं उघडकीला आलं तेव्हा संपदाचे दिवस भरत आले होते. भास्कररावांनी ठरवलं, बाळंतपण पार पडू दे, मग सांगू. सुमनताई तोवर थांबल्या नाहीत. तान्हं मूल घेऊन संपदा तेराव्याला आली, आईच्या फोटोसमोर बसली आणि उठताना म्हणाली, “माझ्या वतीनं ठरवणारे तुम्ही कोण, बाबा?” त्यानंतर तिनं या घरात पाऊल टाकलं नाही. दिवाळीला फोन यायचा, तो तिचा नवरा लावून द्यायचा.

आमटीच्या त्या प्रतिसादाखाली भास्कररावांनी ‘अगं, मी बाबा’ असं लिहायला हवं होतं. त्यांनी लिहिलं, ‘करून बघतो, पोरी.’ केलं, आणि घरात सुमनताईंच्या आमटीचा वास सुटला. ते पातेल्यापाशी उभे राहून हुंदके देऊन रडले आणि मग दोनदा वाढून घेऊन जेवले.

पुढं संपदाचे निरोप येऊ लागले. आधी पाककृतींबद्दल, मग मुलाच्या तापाबद्दल, मग नोकरीबद्दल, आणि एक दिवस बाबांबद्दल. ‘मला आईचा हात धरायचा होता, मावशी. तेवढंही त्यांनी ठेवलं नाही.’ मावशीनं बराच वेळ घेऊन उत्तर दिलं होतं, ‘चूक त्यांचीच आहे.’

आणि आता रविवारी हे सगळं ‘भा. रा. कुलथे’ या नावाखाली दिसणार होतं. म्हणजे आईच्या वेळेला लपवलं ते लपवलंच, त्यावर हे दुसरं. तीन दिवस भास्करराव संपदाला निरोप लिहायला बसत आणि पुसत. शनिवारी संध्याकाळी मावशीच्या नावानं कसंबसं एवढंच धाडलं, ‘उद्या ओट्यावर काही विचित्र दिसलं तर रागावू नकोस.’

लगेच उत्तर आलं, ‘काय दिसणार? तुमचाही डुप्लिकेट आयडी आहे की काय, मावशी?’ आणि पुढं हसरा चेहरा. भास्कररावांनी संगणक बंद केला.

आता हा ‘हात’ काय प्रकार होता तो सांगायला हवा. त्या वर्षांत यंत्रं इतकं लिहायला लागली होती की माणसाचं लेखन कुठलं आणि यंत्राचं कुठलं, काही कळेना. संस्थळं ओस पडली, म्हणजे दिसायला गजबजलेली, पण आत यंत्रंच एकमेकांना ‘छान लेख’ म्हणत बसलेली. ओट्याच्या चालकांनी यावर उपाय काढला. आपण लिहीत असतो तेव्हा पान आपला मसुदा जतन करत असतं, वीज गेली तरी शब्द वाया जाऊ नयेत म्हणून. त्या मसुद्यात नुसती अक्षरं नसतात, त्यांच्या वेळाही असतात. कुठल्या अक्षरानंतर बोट किती रेंगाळलं, जोडाक्षराआधी अडखळलं का, काय लिहिलं आणि काय पुसलं. दारात पाऊल वाजलं की घरातल्यांना न बघता कळतं ना कोण आलं ते, तसं. मजकूर यंत्राला लिहिता येतो, पण हे रेंगाळणं ज्याचं त्याचंच असतं. ओट्याकडं सगळ्या सदस्यांचे वर्षानुवर्षांचे मसुदे पडून होते. त्यावरून त्यांनी प्रत्येकाचा हात ओळखणारं यंत्र बसवलं. नकली सदस्य तर सापडणार होतेच, शिवाय एकाच माणसाचे चार मुखवटेही.

रविवारी सकाळी भास्कररावांनी आंघोळ केली, देवाला हात जोडले आणि ओटा उघडला. समोर चौकट आली: ‘भा. रा. कुलथे, तुमची ३ खाती एकत्र झाली आहेत.’

तीन?

त्यांनी खाली पाहिलं. भा. रा. कुलथे. इंदूमावशी. संपदा, इंदूर.

भास्करराव थिजून गेले. पहिला विचार आला तो यंत्र चुकलं असा नव्हता, आणि भीती वाटली ती याचीच. पहिला विचार आला, संपदा नव्हतीच की काय. एकट्या घरात माणसाचं डोकं काय करील सांगता येत नाही. आपणच मावशी होऊन विचारत होतो आणि आपणच लेक होऊन उत्तर देत होतो, आणि आपल्याला पत्ता नाही? त्यांनी आपल्या दोन्ही हातांकडं पाहिलं.

त्यांनी खाली खाली सरकवत पाहिलं. ‘माझ्या पहिल्या बाळंतपणातले डिंकाचे लाडू’, लेखक भा. रा. कुलथे. ‘सासूबाईंशी जमवून घेताना’, लेखक भा. रा. कुलथे. बोळकं पसरून हसणाऱ्या एका पोराचा फोटो, खाली ‘माझं पिल्लू’, लेखक भा. रा. कुलथे. चौकसनं तोवर दवंडी पिटली होती: ‘मावशी म्हणजे काका निघाले, आणि काकांनी बाळंतपणही उरकलं.’ त्याखाली हसण्याची रांग लागली होती. ज्यांना मावशीनं मायेनं लोणच्याचं प्रमाण सांगितलं होतं त्या बायकाही रांगेत होत्या.

शरमेनं त्यांचे कान तापले. पानाच्या तळाशी लाल अक्षरं होती, ‘खातं कायमचं बंद करा’. त्यांनी बाण तिथं नेला. तेवढ्यात फोन वाजला.

“कुलथेकाका ना? मी गौतमी, ओट्याची संपादक. इंदूरहून एका ताईंची तक्रार आली आहे. त्या म्हणतात, त्या खऱ्या आहेत.”

“खऱ्या आहेत,” भास्करराव म्हणाले, आणि खुर्चीत मागं टेकले. “माझी मुलगी आहे ती.”

“पण काका, यंत्र म्हणतंय एकच हात. आणि शंकेला जागाच नाही असं म्हणतंय. आमच्या लाखभर सदस्यांत वेलांटी आधी आणि अक्षर नंतर असं फक्त या तीन खात्यांवर पडतं. ‘कि’ लिहायचं तर लोक क दाबतात, मग वेलांटी. इथं उलटं. असं कोण लिहितं?”

भास्कररावांनी डोळे मिटले. “टंकयंत्रावर शिकलेला लिहितो.”

“म्हणजे?”

“टाइपरायटर, बाई. त्याच्यावर कागद पुढं सरकतो, मागं येत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडं असते, म्हणून ती आधी मारायची. ‘तो’ हवा तर त, मग काना, मग मात्रा. क्लासात मुलं सहा महिने यायची, परीक्षा द्यायची, विसरायची. संपदा पाच वर्षांची असल्यापासून माझ्या शेजारी स्टुलावर बसली. मी पट्टीनं टेबलावर ताल द्यायचो, ती त्यावर टाइप करायची. कॉलेजात जाईपर्यंत. मग जुन्या कळांचा एक कीबोर्ड मीच तिला करून दिला, सासरी जाताना.”

गौतमी म्हणाली, “म्हणजे यंत्र चुकलेलं नाही. हात एकच आहे, फक्त माणसं दोन आहेत. यासाठी आमच्याकडं कलमच नाही, काका.”

“मी खातं बंद करून टाकतो. लबाडी माझी आहे.”

“तसं करू नका. आता एकच खातं आहे ना. तुम्ही बंद केलंत तर त्यांचं सगळं जाईल. त्यांनी आईच्या पाककृती लिहिल्या आहेत, शंभरच्या वर असतील.”

भास्कररावांनी लाल अक्षरांवरचा बाण असा काढला की माऊस टेबलावरून खाली पडला.

“एकच मार्ग आहे,” गौतमी सांगत होती. “हरकत घेणाऱ्या दोघांनी एका खोलीत, एका कीबोर्डवर, आळीपाळीनं लिहायचं. कॅमेरा चालू ठेवून. लांबून चालत नाही, लांबून एकटा माणूस दोन संगणक लावून बसतो. महिनाभरात नाही झालं तर खातं कायमचं तुमच्या नावावर.”

“ती येणार नाही.”

“ते तुम्ही दोघं बघा. आणि काका, अजून एक. आत्ता ते खातं तुमच्या दोघांकडंही उघडं आहे. तुमचं सगळं त्यांना दिसतंय. त्यांचं तुम्हाला. मसुदेसुद्धा.”

फोन ठेवल्यावर भास्कररावांनी माऊस उचलला. मसुद्यांचा कप्पा डावीकडंच होता. उघडायचा नाही असं म्हणेपर्यंत त्यांनी तो उघडला होता. संपदाचे मसुदे, न धाडलेले, एकाखाली एक. पहिला होता ‘बाबा,’. पुढं काही नाही. दुसरा, ‘बाबा,’. तिसरा, ‘बाबा,’. तारखा वेगळ्या, वर्षं वेगळी, मजकूर तेवढाच. एक गेल्या दिवाळीचा होता. एक परवाचा.

आपणही तीन दिवस हेच करत होतो. त्यांनी ‘नवीन लेखन’ची कोरी चौकट उघडली आणि लिहिलं, ‘संपदा,’. आणि बोटं तिथंच अडली, तिची अडत होती तशीच.

मग चौकटीतला लुकलुकता दांडा आपोआप पुढं सरकला.

भास्कररावांनी हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर घेतले. दांडा खालच्या ओळीत गेला. तिथं एक वेलांटी उमटली. नुसती वेलांटी, अक्षराशिवाय, एकटीच. मग तिच्या कुशीत क येऊन बसला. मग त, आणि दुसरी वेलांटी.

‘किती वर्षं?’

जगात असं लिहिणारं दुसरं एकच माणूस होतं. ते आत्ता, याच क्षणी, त्याच चौकटीत होतं.

‘तीन,’ त्यांनी लिहिलं.

‘मला वाटलं कुणी माझं खातं चोरलं. मग नाव वाचलं. मी जमिनीवर बसले, बाबा. मी मावशीला काय काय सांगितलं, आठवतंय का तुम्हाला? मी नवऱ्याला सांगितलं नाही ते सांगितलं. तुम्हाला नावं ठेवली, आणि ती तुम्हालाच सांगत होते.’

‘आठवतंय.’

‘आईच्या वेळेला लपवलंत. परत लपवलंत. सवयच आहे का?’

भास्कररावांनी लिहिलं, ‘तुझ्या भल्यासाठी’, आणि लिहिता लिहिताच स्वतःची लाज वाटून पुसलं. त्याजागी लिहिलं, ‘हो.’

‘पुसलंत ते दिसलं मला,’ ती म्हणाली. ‘बरं झालं पुसलंत.’

त्यानंतर चौकटीत काहीच हललं नाही. भास्करराव बसून राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं, निरोपांच्या कप्प्यात काहीतरी चाललंय. इंदूमावशीचे जुने निरोप एकेक करून उघडत होते आणि मिटत होते. ती वाचत होती. अगदी तळापासून, कटाच्या आमटीपासून. त्यांनी थांबवायचं म्हटलं तरी थांबवता येणार नव्हतं. निकालाच्या दिवशी पाटीसमोर उभी राहायची ती पोरं त्यांना आठवली, इतकी वर्षं त्यांनी ती फक्त पाहिली होती. चहा करावा असं वाटलं पण उठवेना. बाहेर भाजीवाला ओरडून गेला, कुणाच्या तरी घरी कुकरच्या शिट्ट्या झाल्या, आणि निरोप उघडत राहिले, मिटत राहिले.

शेवटी दांडा चौकटीत परत आला.

‘मी मावशीला शंभरदा तरी म्हटलं असेल, बाबा चुकले. मावशीनं एकदा तरी तुमची बाजू घेतली असेल. तेच मी शोधत होते आत्ता. म्हटलं, सापडली की कायमचं तोंड बघायचं नाही. एकदाही घेतली नाहीत.’

‘घेण्यासारखी नव्हती,’ भास्कररावांनी लिहिलं.

‘मला राग आलाय. तो जाणार नाही इतक्यात.’

‘जाऊ नये.’

‘गौतमी म्हणाली, समोर बसावं लागतं.’

‘तू नको येऊस. मी सगळ्यांसमोर लिहून देतो, लबाड मी, खरी तू.’

‘परत माझ्या वतीनं ठरवताय.’

भास्कररावांनी हात मागं घेतले. तोंडात मारल्यासारखं झालं, आणि ते योग्यच होतं.

‘आईचे लाडू तुमच्या नावावर दिसतायत,’ ती पुढं म्हणाली. ‘तुमचं बाळंतपण. चौकसला मी सोडणार नाहीये.’ आणि थोडं थांबून, ‘घरचा जुना कीबोर्ड चालतो का अजून?’

‘चालतो. त्याच्यावरच लिहितोय.’

मग श उमटला. त्याच्यापुढं वेलांटी एकटी उभी राहिली, मग न, मग पुढची अक्षरं, जुन्या पट्टीच्या तालात, एकेक.

‘शनिवारी येतो.’

भास्कररावांनी ते वाचलं आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं त्यांची नजर चुकीवर गेली. येते हवं. पोरीचं बोट घसरलं असणार, सकाळपासून तीही हादरलेली आहे. ते दुरुस्त करायला त्यांनी दांडा तिथं नेलासुद्धा.

आणि तिथंच त्यांचा हात थांबला. येतो, जातो, करतो, हे तर मावशीचं बोलणं. ‘येते’ लिहायचं तर त मारून मात्रा दिली की झालं. ‘येतो’ला मात्रेच्या आधी काना लागतो, त्याची कळ वेगळी, बोट वेगळं. ‘काना चुकून पडत नाही, तो मारावा लागतो,’ हे त्यांनी तिला स्टुलावर बसवून शिकवलं होतं.